बियाण्याच्या पिशवीपासून नोकरीच्या जाहिरातीपर्यंत : रोजचे इंग्रजी वाचायला कसे शिकावे

जालना जिल्ह्यातल्या घरात इंग्रजी येते ते बियाण्याच्या पिशवीवरून, फवारणीच्या बाटलीवरून, रेल्वेच्या तिकिटावरून, बँकेच्या संदेशातून आणि औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या भरतीच्या जाहिरातींतून. हा मजकूर फार तर दहा-वीस ओळींचा असतो. त्यात तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि त्यावर पैसा, पीक किंवा नोकरी अवलंबून असते. मराठी माध्यमात शिकलेल्या प्रौढ माणसाला इंग्रजी वाचनासाठी याहून चांगले पाठ्यपुस्तक सहसा मिळत नाही.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्याआधी हा विषय पाचवीपासून होता. दोन्ही पिढ्यांतल्या वाचकांची अडचण मात्र जवळपास सारखीच असते. अक्षरे लागतात, शब्द उच्चारता येतो, पण ओळीचा अर्थ लागत नाही. मग प्रश्न पडतो : आधी व्याकरण करावे, इंग्रजी पेपर लावावा की क्लासला जावे? या तिन्हींच्या आधी घरात पडलेला कागद उचलावा. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत मराठवाड्यातला सरकारी कारभार उर्दूत चाले. परक्या भाषेतला कागद कामापुरता वाचता येणे ही इथली जुनी गरज आहे आणि तिच्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

सुरुवात कोणत्या कागदाने करावी

ज्या कागदातला विषय तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, तो कागद पहिला घ्यावा. कपाशी लावणाऱ्याला उगवणशक्ती म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याला फक्त तिचे इंग्रजी नाव माहीत नसते. अशा वेळी ओळीतला निम्मा अर्थ अनुभवातूनच लागतो आणि उरलेला शब्द डोक्यात पक्का बसतो. इंग्रजी वर्तमानपत्राचे उलटे होते. तिथे विषयही नवा आणि भाषाही नवी, शिवाय मथळ्यांत क्रियापदे गाळलेली. म्हणून पेपर पुढच्या टप्प्यासाठी ठेवावा.

- शेतकरी : बियाणे, खत आणि कीटकनाशकाची लेबले, पंपाची वॉरंटी
- नोकरी शोधणारे : आयटीआय, डिप्लोमा आणि पदवीधरांसाठीच्या भरतीच्या जाहिराती
- शिक्षणासाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणारे : भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती, वसतिगृहाचे नियम
- घरखर्च सांभाळणारे : किराण्याची पाकिटे, औषधांच्या पट्ट्या, ऑनलाइन वस्तूंवरचे अभिप्राय

सुरुवातीला एकच प्रकार धरावा. दहा निरनिराळे कागद एकेकदा वाचण्यापेक्षा एकाच प्रकारचे दहा कागद वाचले, तर पाचव्या-सहाव्या कागदाला ओळी ओळखीच्या वाटू लागतात.

एक पिशवी शेवटपर्यंत

जालन्याला बियाण्याचे गाव म्हणतात ते उगाच नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यामुळे या जिल्ह्यात बियाण्याची पिशवी सापडणे अवघड नाही. पेरणी झाल्यावरही ती फेकू नये; अभ्यासाला आणि पुराव्याला, दोन्हींना लागते.

पिशवीवरच्या ओळी साधारण अशा असतात. 'काइंड' म्हणजे पीक आणि 'व्हरायटी' म्हणजे वाण. 'लॉट नंबर' हा त्या ठरावीक साठ्याचा क्रमांक. तक्रार करायची वेळ आली तर हाच पहिल्यांदा विचारला जातो. 'डेट ऑफ टेस्ट' म्हणजे उगवण तपासल्याची तारीख आणि 'व्हॅलिड अपटू' म्हणजे ती तपासणी कधीपर्यंत ग्राह्य आहे ती तारीख. प्रमाणित बियाण्याची पहिली मुदत चाचणीपासून नऊ महिने असते. दोन्ही तारखांमधले अंतर मोजून पाहावे; वाचनाबरोबर तपासणीही होते.

पुढच्या ओळींत दोन छोटे शब्द सगळा अर्थ फिरवतात. 'जर्मिनेशन, मिनिमम' याचा अर्थ उगवण निदान इतकी टक्के असलीच पाहिजे. सोयाबीनसाठी हा आकडा ७० आहे. 'इनर्ट मॅटर, मॅक्सिमम' याचा अर्थ काडीकचरा जास्तीत जास्त इतकाच चालेल. 'मिनिमम' असलेल्या ओळीत खरा आकडा वर गेला तर चांगले, 'मॅक्सिमम' असलेल्या ओळीत खाली आला तर चांगले. हे दोन शब्द पिशवीवर पक्के झाले, की बँकेतल्या 'मिनिमम बॅलन्स'पासून छापील किमतीतल्या 'मॅक्सिमम रिटेल प्राइस'पर्यंत सगळीकडे उपयोगी पडतात.

बीजप्रक्रिया केलेल्या पिशवीवर आणखी एक ओळ असते : 'डू नॉट यूज फॉर फूड, फीड ऑर ऑइल पर्पजेस'. हे बियाणे माणसाने खायचे नाही, जनावराला घालायचे नाही आणि त्याचे तेलही काढायचे नाही. 'फूड' आणि 'फीड' या शब्दांत एका स्वराचा फरक आहे. पहिला माणसाचा घास, दुसरा जनावराचा चारा. पेरून उरलेली सरकी किंवा सोयाबीन गोठ्यात टाकण्याआधी घरातल्या प्रत्येकाला ही ओळ वाचता आली पाहिजे.

लेबलाचा रंगही बोलतो. प्रमाणित बियाण्याला निळे, पायाभूत बियाण्याला पांढरे आणि पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळे लेबल असते. 'ट्रुथफुल लेबल' असलेल्या बियाण्यावर फिकट हिरवे लेबल असते. त्याची प्रमाणीकरण यंत्रणेने तपासणी केलेली नसते. लेबलावर लिहिले आहे ते खरे असल्याची जबाबदारी कंपनी घेते.

कीटकनाशकाची बाटली : सर्वांत सावधपणे वाचायचा मजकूर

बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, पिवळा त्याहून कमी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. लाल आणि पिवळ्या त्रिकोणात 'पॉयझन' हा शब्द असतो, निळ्यात 'डेंजर' आणि हिरव्यात 'कॉशन'. इंग्रजीत धोक्याचे शब्द असे उतरत्या क्रमाने वापरतात. हाच क्रम पुढे विजेच्या डीपीवर आणि कारखान्याच्या फाटकावरही कामी येतो.

खरा घोळ मात्रेच्या तक्त्यात होतो. तक्त्यात दोन स्तंभ शेजारी शेजारी असतात. एका स्तंभावर 'ए. आय.' लिहिलेले असते. तो बाटलीतल्या शुद्ध विषारी घटकाचा आकडा. दुसऱ्यावर 'फॉर्म्युलेशन' असते. प्रत्यक्ष मोजून घ्यायचे औषध ते हे. घाईत पहिला स्तंभ वाचला तर औषध कमी पडते, फवारणी वाया जाते, आणि मग दुसऱ्यांदा अंदाजाने जास्त ओतले जाते. शिवाय हे आकडे 'पर हेक्टर' असतात आणि आपला हिशेब एकरात चालतो. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. हेक्टरचा आकडा एकराला वापरला, तर मात्रा अडीच पट होते.

बाटलीवरचे आणखी दोन शब्द लक्षात ठेवावेत. 'वेटिंग पीरियड' म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर तोडणी-काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते. 'अँटिडोट' म्हणजे विषबाधा झाल्यास उतारा. दवाखान्यात जाताना बाटली किंवा लेबल सोबत न्यावे ते याच ओळीसाठी.

पाट्या आणि नोटिसा : थोडे शब्द, मोठा परिणाम

नोटिशीच्या इंग्रजीत 'मी' आणि 'तुम्ही' जवळपास नसतात. 'पॅसेंजर्स आर रिक्वेस्टेड टू...', 'कस्टमर्स आर अ‍ॅडव्हाइज्ड टू...' अशीच वाक्ये येतात. करणारा कोण हे शोधत बसू नये. 'टू'नंतर येणारे क्रियापद पाहावे, सांगितलेले काम तिथे असते. त्यानंतर पुढील जोडशब्द ओळखावेत. नोटिशीचा जीव त्यांच्यात असतो.

- शॅल, मस्ट : करावेच लागेल.
- मे : करता येईल, किंवा होऊ शकेल. सक्ती नाही.
- ऑन ऑर बिफोर : ती तारीख धरून. नुसते 'बिफोर' असेल तर आदल्या दिवशीच मुदत संपते.
- विदिन सेव्हन डेज ऑफ रिसीट : कागद हाती पडल्यापासून सात दिवसांत. म्हणून पाकीट कधी मिळाले ती तारीख त्याच्यावरच लिहून ठेवावी.
- अनलेस : तसे झाले नाही तर. 'अनलेस पेड' म्हणजे पैसे भरले नाहीत तर.
- सब्जेक्ट टू : त्या अटीवर. 'सब्जेक्ट टू अ‍ॅव्हेलेबिलिटी' म्हणजे शिल्लक असेल तरच.
- फेलिंग विच : वर सांगितलेले केले नाही तर. यापुढे नेहमी दंड, जप्ती किंवा रद्द होण्याची गोष्ट असते. लांब नोटिशीत आधी हीच जागा शोधावी.

सरावासाठी रेल्वे स्थानक उत्तम. जालना स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते आणि तिथल्या बऱ्याच सूचना मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहिलेल्या असतात. आधी इंग्रजी वाचून अर्थ लावावा, मग मराठीशी ताडून पाहावा. गाडीची वाट पाहण्याचा वेळ त्यात सत्कारणी लागतो.

तिकिटावरच्या आद्याक्षरांचे अर्थ मात्र पाठच करावेत. 'सीएनएफ' म्हणजे जागा पक्की. 'आरएसी' असेल तर गाडीत चढता येते, पण बसायला जागा मिळते आणि बर्थ बहुधा दोघांत वाटून घ्यावा लागतो. 'डब्ल्यूएल' म्हणजे प्रतीक्षा यादी. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरची सगळी नावे 'चार्ट प्रिपेअर्ड' झाल्यावरही त्या यादीतच राहिली, तर तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात आणि त्या तिकिटावर प्रवास करता येत नाही.

नोकरीची जाहिरात कशी वाचावी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळई तयार करणारे कारखाने आणि बियाणे कंपन्या मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर आणि नोकरीच्या अ‍ॅपवर बहुधा इंग्रजीत येतात. नमुन्यादाखल एक जाहिरात : 'अर्जंट रिक्वायरमेंट. फिटर. आयटीआय मँडेटरी. टू इयर्स एक्स्पीरियन्स प्रेफर्ड. रोटेशनल शिफ्ट. सीटीसी १.८ लॅक पर अ‍ॅनम. वॉक-इन विथ ओरिजिनल डॉक्युमेंट्स.'

इथे 'मँडेटरी' आणि 'प्रेफर्ड' यांतला फरक सर्वांत महत्त्वाचा. आयटीआय नसेल तर अर्ज करून उपयोग नाही. दोन वर्षांचा अनुभव मात्र असल्यास बरे, इतकेच म्हटले आहे. अनुभव नाही म्हणून ही जाहिरात सोडून देणारी मुले हकनाक संधी घालवतात. 'रिक्वायर्ड', 'मस्ट', 'इसेन्शियल' हे शब्द सक्तीचे; 'प्रेफर्ड', 'डिझायरेबल', 'अ‍ॅडेड अ‍ॅडव्हांटेज' हे सवलतीचे.

'सीटीसी' हा कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण खर्च. १ लाख ८० हजारांना बाराने भागले की महिना १५ हजार येतात, पण भविष्य निर्वाह निधीत कंपनीने भरायची रक्कम बहुधा त्यातच धरलेली असते आणि कामगाराचा हिस्सा पगारातून कापला जातो. म्हणून मुलाखतीत 'इन-हँड' किती, हे विचारून घ्यावे. 'सॅलरी'ऐवजी 'स्टायपेंड' लिहिले असेल तर ती बहुधा शिकाऊ उमेदवारी असते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ प्रमाणे मुदत संपल्यावर कायम घेण्याचे बंधन सहसा नसते. 'वॉक-इन' म्हणजे आगाऊ अर्ज न करता थेट यावे. 'इमिजिएट जॉइनर' म्हणजे लगेच रुजू होणारा हवा.

फसवणुकीच्या जाहिरातीही याच भाषेत येतात. 'रजिस्ट्रेशन फी', 'रिफंडेबल सिक्युरिटी डिपॉझिट', 'ट्रेनिंग किट चार्जेस' यांपैकी काही दिसले की तिथेच थांबावे. कंपनीचा पत्ता नाही, फक्त मोबाइल नंबर आहे आणि 'अर्न फ्रॉम होम, नो स्किल नीडेड' असे लिहिले आहे, तर त्या जाहिरातीचा उपयोग फक्त वाचनाच्या सरावापुरता. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणे अवघड.

अभिप्राय वाचून वस्तू घेताना

फवारणीचा बॅटरी पंप, मिक्सर, मोबाइल यांवरचे ग्राहकांचे 'रिव्ह्यू' हे बोलीतल्या इंग्रजीचे भांडार आहे. वाक्ये छोटी, विषय ओळखीचा, आणि आवडले की नाही हे ताऱ्यांवरून आधीच कळते. सुरुवात तीन तारे दिलेल्या अभिप्रायांपासून करावी. पाच तारेवाले बहुधा 'नाइस प्रॉडक्ट' लिहून थांबतात, एक तारावाले रागात लिहितात. तीन तारेवाला चांगले आणि वाईट दोन्ही सांगतो आणि त्याच्या वाक्यात 'बट' येतो. खरी माहिती 'बट'च्या पुढे असते.

मराठी वाचक इथे काही ठरावीक ठिकाणी चुकतात. 'बॅटरी हार्डली लास्ट्स टू अवर्स' यात 'हार्ड' दिसते म्हणून बॅटरी दणकट असा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात ती जेमतेम दोन तास चालते, अशी ती तक्रार आहे. 'व्हेरी हेवी' म्हणजे पंप फार जड. 'टू हेवी टू कॅरी' म्हणजे इतका जड की उचलवतच नाही. 'नॉट बॅड' म्हणजे बरा आहे. 'कुड बी बेटर' ही सभ्य शब्दांतली नाराजी. 'सो फार सो गुड' म्हणजे आतापर्यंत तरी ठीक. अशा अभिप्रायाची तारीख पाहावी, कारण वस्तू घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या 'आतापर्यंत'ला फारसे मोल नाही.

पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्रायही असतात. एकाच दिवशी आलेले, सारख्याच शब्दांतले, वस्तूचे पूर्ण नाव पुन्हा पुन्हा घेणारे अभिप्राय बाजूला ठेवावेत. खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढले आहे, पण वाचणाऱ्याची सावधगिरी त्याने सुटत नाही.

भाड्याच्या खोलीच्या जाहिरातीत तीन शब्द आधी शोधावेत. 'लॉक-इन पीरियड' असेल तर त्या मुदतीआधी खोली सोडल्यावर सहसा पैसे कापले जातात. 'मेंटेनन्स एक्स्ट्रा' म्हणजे भाड्यावर वेगळा खर्च. 'नॉन-रिफंडेबल' म्हणजे ती रक्कम परत मिळणार नाही.

वही आणि मोबाइल

वहीत सुटा शब्द न लिहिता पूर्ण ओळ उतरवावी आणि ती कुठे सापडली हेही लिहावे. 'सब्जेक्ट' हा शब्द शाळेत विषय असतो आणि नोटिशीत अट. ओळ समोर असली की गोंधळ होत नाही. रोज एक ओळ पुरे. आठवड्याने मराठी अर्थ झाकून त्या ओळी पुन्हा वाचाव्यात आणि ज्या अडल्या त्यांवरच खूण करावी.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने आता कोणत्याही लेबलाचा मराठी अनुवाद क्षणात मिळतो. त्याचा उपयोग जरूर करावा, पण आधी स्वतः अर्थ लावून मगच. आद्याक्षरे, कायद्याची भाषा आणि तक्त्यातले स्तंभ यांत हा अनुवाद हमखास घसरतो. प्रशासकीय आणि कायद्याच्या शब्दांसाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. ते इंटरनेटवर मोफत आहेत.

जिथे अंदाजाने वाचू नये, तिथले हक्क

संदर्भावरून अर्थ ओळखणे ही शिकण्याची चांगली रीत आहे. कर्ज, विमा, करारनामा आणि जप्तीची नोटीस यांना ती लावू नये. फॉर्मच्या शेवटी 'आय हॅव रेड अँड अंडरस्टुड' अशी ओळ असते आणि खाली सहीची जागा. सही केली की न समजलेलेही समजले असे धरले जाते. विम्याच्या प्रस्तावावर मराठीत सही केली, तर मजकूर ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे वेगळे प्रतिज्ञापत्र जोडतात. प्रत्यक्ष कोणी समजावल्याशिवाय ते भरू देऊ नये.

अशा वेळी पुढील गोष्टी मागता येतात :

- बँकेत : खाते उघडण्याचा अर्ज, भरणा पावती, पासबुक असे रोजचे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्ही भाषांत ठेवण्याची रिझर्व्ह बँकेची सूचना आहे.
- कर्ज घेताना : १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी व्याज, शुल्क आणि अटी सांगणारे 'की फॅक्ट स्टेटमेंट' कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे आणि समजावून सांगणे बंधनकारक आहे.
- बचत गट आणि मायक्रोफायनान्स : कर्ज कार्डावरच्या नोंदी कर्जदार महिलेला समजणाऱ्या भाषेत असल्या पाहिजेत.
- विमा : पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांचा 'फ्री लूक पीरियड' असतो. अटी पटल्या नाहीत तर त्या मुदतीत पॉलिसी परत करता येते.
- कीटकनाशक : लेबल आणि सोबतचे माहितीपत्रक हिंदी व इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापायचे असते. माहितीपत्रक दुकानदाराकडून मागून घ्यावे.
- सरकारी कार्यालयात : महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याची राजभाषा मराठी आहे. माहिती अधिकार कायद्याखालचा अर्जही मराठीत करता येतो.

किराण्याच्या पाकिटांबाबत असा हक्क नाही. आवेष्टित वस्तूंवरची वैधानिक माहिती हिंदी किंवा इंग्रजीत दिली तरी नियमाची पूर्तता होते. त्यामुळे वजन, किंमत आणि 'बेस्ट बिफोर'ची ओळ स्वतः वाचता येणे भागच आहे. वस्तूबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

बियाणे उगवले नाही तर पिशवी, लेबल, पक्के बिल आणि उरलेले थोडे बियाणे घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेताची पाहणी करते. तक्रार अर्ज मराठीत लिहावा आणि त्यात लॉट नंबर पिशवीवर आहे तसाच, अक्षर न बदलता, उतरवावा.